न्यायाधीश नसलेल्या कोर्टात आपण केलेलं अपील

पोस्ट मोठी आहे. ऊस, टॉवेल आणि जिनिव्हा असे तीन विषय एकातच आलेत. चहा घेऊन निवांत वाचा, पटलं नाही तर मोकळेपणानं सांगा.

२०२५ साली गणपती बसले २७ ऑगस्टला. त्याच दिवसापासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लागू केलं. त्यातले २५ टक्के ७ ऑगस्टपासूनच सुरू झाले होते, उरलेले २५ रशियाचं तेल घेतो म्हणून. माझा चुलतभाऊ सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. त्यांचा बराच माल अमेरिकेला जातो. सुती टॉवेलवर आधीपासून नऊ टक्क्यांच्या आसपास ड्युटी होतीच, तिच्यावर हे ५० चढले. तिकडच्या खरेदीदारानं आधीच कळवलं होतं की तयार माल ठेवून घ्या, पुढचं नंतर बघू. मग रात्रपाळी बंद झाली. भाऊ वाचला, पण त्याच्या हाताखाली टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या आठ-दहा बायका घरी बसल्या. त्यांना कुणी कामावरून काढलं नाही. फक्त उद्या येऊ नका म्हणाले, आणि तो उद्या संपलाच नाही.

गौरी जेवणाला भाऊ गावी आला होता. पंगत उठल्यावर ओसरीवर बसलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "तू एवढं वाचतोस, लिहितोस. ती डब्ल्यूटीओ का काय ती आहे ना? ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ड्युटी लावता येत नाही म्हणतात ना? मग आपण तिथं केस का टाकत नाही?"

प्रश्न साधा होता. मला मात्र पटकन बोलता आलं नाही. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि त्या उत्तरात माझी स्वतःची एक जुनी पोस्ट अडकलेली होती.

जानेवारी २०२२ मध्ये मी इथंच एक पोस्ट टाकली होती. साखरेच्या केसमध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेत हरला, पण आपण असं अपील केलंय की आता निकाल कधीच लागू होणार नाही, असा तिचा मजकूर. 'आपल्या माणसांनी गोऱ्यांना बरोबर चकवलं' असंही लिहिलं होतं. तुमच्यापैकी कित्येकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या भागात घरटी ऊस आहे, त्यामुळे टाळ्या येणारच. आज ती पोस्ट मला बोचते. का बोचते ते सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय.

आधी साखरेची केस नेमकी काय होती ते बघू. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यात करणाऱ्या देशांनी भारताविरुद्ध तक्रार केली. तक्रारीत दोन गोष्टी होत्या. एक, भारत ऊस उत्पादकाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. दोन, साखर निर्यातीला अनुदान देतो. १४ डिसेंबर २०२१ ला तिथल्या पंचांचा, म्हणजे पॅनेलचा निकाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारतानं उसाला दिलेला आधार १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला, असं त्यांनी म्हटलं. निर्यातीची मदत १२० दिवसांत मागं घ्या, असंही सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, सरकारनं आपल्याला उसाला कधी पैसे दिले? एफआरपी तर कारखाना देतो, सरकार फक्त आकडा जाहीर करतं. भारताच्या वकिलांनी तिथं हेच मांडलं. पॅनेलनं ते मानलं नाही. सरकारनं किमान दर ठरवून तो सक्तीचा केला की तो आधारच, पैसा कुणाच्या का खिशातून जाईना, असा त्यांचा अर्थ.

त्यात हिशोबाची रीत अजब आहे. शेतीच्या करारात आधार मोजायचं सूत्र असं: सरकारनं जाहीर केलेला आजचा दर घ्यायचा, त्यातून १९८६ ते १९८८ या काळातला ठरीव आंतरराष्ट्रीय दर वजा करायचा, आणि जो फरक येईल त्याला त्या दराला पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनानं गुणायचं. १९८८ साली डिझेल काय भाव होतं, खताचं पोतं काय भाव होतं, हे आपल्या वडिलांना विचारा. तो दर गोठवून त्याच्याशी आजच्या एफआरपीची तुलना करायची म्हटल्यावर फरक डोंगराएवढा दिसणारच. गंमत बघा. नव्वदीच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून देशभर रान उठलं होतं, तेव्हा शरद जोशी सांगत होते की भारतीय शेतकऱ्याला सबसिडी मिळतच नाही, उलट 'उणे सबसिडी' आहे. बाहेर जो भाव आहे त्यापेक्षा कमी भाव देऊन सरकारच त्याच्याकडून वसूल करतं. भारत सरकारनं त्या काळात दाखवलेले आकडेही उणेच होते. तीस वर्षांत महागाईनं ते उण्याचं अधिक केलं. शेतकरी होता तिथंच राहिला.

तेव्हा सूत्र खोटं आहे आणि त्याविरुद्ध भांडलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. शंका आहे ती आपण कसे भांडलो याबद्दल.

डब्ल्यूटीओत निकाल पटला नाही तर वर अपील करता येतं. त्यासाठी अपील मंडळ आहे. सात सदस्यांचं, आणि प्रत्येक केस त्यातले तिघं मिळून ऐकणार. सदस्यांची मुदत चार वर्षं. मुदत संपली की नवा सदस्य नेमायचा, आणि तो सगळ्या देशांच्या संमतीनं नेमायचा. एकानंही आडवा हात घातला तर नेमणूक होत नाही. हा हात अमेरिकेनं घातला. सुरुवात २०१६ मध्ये ओबामांच्या काळात एका सदस्याची फेरनेमणूक अडवून झाली. ट्रम्प आल्यावर सगळ्याच नेमणुका अडल्या. बायडेन आले तरी त्या सुटल्या नाहीत. म्हणजे हे एकट्या ट्रम्पचं वेड नाही, दोन्ही पक्षांचं धोरण आहे. १० डिसेंबर २०१९ ला दोन सदस्यांची मुदत संपली. त्यातले एक भारताचे उजल सिंग भाटिया होते. एकच सदस्य उरला, आणि तिघांशिवाय सुनावणी होत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या शेवटच्या सदस्याचीही मुदत संपली. तेव्हापासून मंडळ कागदावर आहे, खुर्च्या रिकाम्या आहेत. नेमणुका सुरू करा असा ठराव १३० देश मिळून पुन्हा पुन्हा मांडतात आणि अमेरिका तो पुन्हा पुन्हा अडवते.

यात एक पळवाट तयार झाली. नियम असा की अपील पडलं की त्याचा निकाल लागेपर्यंत खालचा निकाल लागू होत नाही. ऐकायला कुणी नाही, म्हणजे अपील कायमचं पडून राहणार. हरलेल्यानं फक्त अपील टाकायचं आणि घरी जायचं. व्यापारी कायद्याच्या वर्तुळात याला 'पोकळीतलं अपील' म्हणतात. आपण साखरेच्या निकालावर केलं ते हेच. न्यायाधीश नसलेल्या कोर्टात अपील.

हा मार्ग आपण शोधला नाही. मंडळाला कुलूप लागलं त्याच महिन्यात असं पहिलं अपील अमेरिकेनंच टाकलं, आणि तेही भारतानं जिच्याविरुद्ध दाद मागितली होती त्या पोलादाच्या केसमध्ये. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या स्टील-ॲल्युमिनियम शुल्काविरुद्ध निकाल गेले, तेही अमेरिकेनं असेच पोकळीत ढकलले. इंडोनेशियानं निकेलच्या केसमध्ये हेच केलं. मोबाइल आणि तत्सम मालावरच्या आयात शुल्काच्या केसमध्ये आपण पुन्हा हेच केलं. सगळेच करतात, मग आपण का नाही, हा युक्तिवाद मी तेव्हा केला होता. आज माझ्या लक्षात येतं की हा युक्तिवाद सगळ्यात जास्त सोयीचा कुणाला आहे, तर ज्यानं कुलूप लावलं त्यालाच.

आता भावाच्या प्रश्नाकडं या. अमेरिकेनं टॉवेलवर किती ड्युटी लावायची याची कमाल मर्यादा डब्ल्यूटीओत लिहून दिलेली आहे. इतर सदस्य देशांना जो दर, तोच भारताला, हाही मूळ नियम आहे. ५० टक्क्यांचं जादा शुल्क या दोन्हींत बसवणं कठीण होतं. केस टाकता येते. ब्राझीलवरही त्याच ऑगस्टमध्ये ५० टक्के लागले, आणि ब्राझीलनं लगेच डब्ल्यूटीओत तक्रार दाखल केली. अमेरिकेचं उत्तर काय? हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे, यात तुम्हाला पडता येणार नाही. समजा पुढं पॅनेल बसलं, समजा ब्राझील जिंकलं. अमेरिका पोकळीत अपील टाकेल. संपलं.

साखरेत ज्या ब्राझीलला आपण पोकळी दाखवली, तेच ब्राझील २०२५ मध्ये त्याच पोकळीसमोर उभं राहिलं, आणि आपण त्याच्या शेजारी. ही पोस्ट एवढ्या एका वाक्यासाठी आहे असं समजा. ज्या रिकाम्या खुर्च्यांनी आमचा ऊस वाचवला, त्याच रिकाम्या खुर्च्यांनी माझ्या भावाच्या पाळीतल्या बायकांना घरी बसवलं.

इथं कुणीतरी म्हणेल की कोर्ट चालू असतं तरी अमेरिकेनं ऐकलं असतं का? मोठ्याला कोण बोलणार? हा आक्षेप मला मनापासून विचार करण्यासारखा वाटतो, म्हणून एक जुनी केस सांगतो. कापसाची.

२००२ साली ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना एवढा पैसा देत होती की जगातला भाव दबत होता. त्या केसमध्ये भारत त्रयस्थ पक्ष म्हणून होता, आफ्रिकेतले बेनिन आणि चाडही होते. मार्च २००५ मध्ये अपील मंडळानं अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेनं टाळाटाळ केली. २००९ मध्ये लवादानं ब्राझीलला प्रतिशुल्क लावायची मुभा दिली, इतकंच नाही तर अमेरिकेचे पेटंट-कॉपीराइटसारखे हक्कही रोखता येतील असं सांगितलं. औषध आणि सिनेमावाल्यांच्या हक्कांवर टाच येणार म्हटल्यावर वॉशिंग्टन हललं. २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठीच्या निधीत वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर भरत होती, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

या गोष्टीतून दोन्ही बाजू दिसतात. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाला एका बाहेरच्या कोर्टानं चुकीचं ठरवलं आणि त्याला खिशात हात घालावा लागला, हे खरं. त्याला बारा वर्षं लागली, अमेरिकेनं अनुदानं गुंडाळण्याऐवजी पैसे देऊन तक्रारदाराला गप्प केलं, आणि आपल्या यवतमाळ-अकोल्याच्या कापूसवाल्याला किंवा बेनिनच्या कापूसवाल्याला त्यातला छदामही मिळाला नाही, हेही खरं.

आपल्याला ही परिस्थिती नवीन नाही. चौदा दिवसांत एफआरपी द्यायची, नाही तर पंधरा टक्के व्याज, असा कायदा आहे. किती कारखाने पाळतात? तरी आपण काय करतो? पुण्याला साखर आयुक्तांच्या दारात जाऊन बसतो, आरआरसीची कारवाई करा म्हणतो, कधी निम्मं, कधी उशिरा, पण पदरात पाडून घेतो. कारखानदार मोठा आहे म्हणून कायदाच नको, असं कुठला ऊस उत्पादक म्हणतो? कायदा मोडका असला तरी बोट दाखवायला जागा असते. ती जागाच गेली तर उरते फक्त चेअरमनची मर्जी. जिनिव्हातलं अपील मंडळ गेल्यावर नेमकं तेच उरलंय. पूर्वी निकाल मिळायचा आणि अंमलबजावणीसाठी भांडावं लागायचं. आता प्रत्येक देश एकेकटा वॉशिंग्टनला जातो, तेल कुणाकडून घ्यायचं, मका-सोयाबीनला दार उघडायचं का, यावर सौदा करतो. शुल्काचे आकडे त्या सौद्याप्रमाणं वरखाली होतात. भारतासारखा मोठा देश अशा सौद्यात निदान तोंड उघडू शकतो. ग्वाटेमालानं किंवा बेनिननं काय करायचं?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. या संस्था मुळात आपल्या नाहीतच, मग त्यांचं ऐकायचं कशाला? याला इतिहास आहे. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि नाणेनिधी व जागतिक बँक यांचा आराखडा ठरला. भारत तेव्हा गुलाम होता, शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन इंग्रज होते. पण त्यात आपले चिंतामणराव देशमुखही होते, कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धात भारतानं पुरवलेल्या मालापोटी ब्रिटनकडं आपलं प्रचंड येणं साठलं होतं. त्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न निधीच्या कक्षेत घ्या, अशी मागणी भारतानं तिथं केली. ती मान्य झाली नाही. कोटा वाढवून द्या म्हणूनही भांडले. तेव्हा मिळालेला ४० कोटी डॉलरचा कोटा सहाव्या क्रमांकाचा होता.

ऐंशी वर्षांनंतर काय चित्र आहे? नाणेनिधीत अमेरिकेकडं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत आणि मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात. म्हणजे अमेरिका नको म्हणाली की विषय संपला. भारताची मतं पावणेतीन टक्क्यांच्याही आत आहेत. नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोघांची मिळून आपल्यापेक्षा जास्त भरतात. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांचा कोटा निम्म्यानं वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचाच सारख्या प्रमाणात, त्यामुळे वाटा होता तिथंच राहिला. निधीचा प्रमुख आजवर कायम युरोपचा झाला, बँकेचा अध्यक्ष कायम अमेरिकेचा. २०२३ मध्ये अजय बंगा बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा पुण्याच्या खडकीत जन्मलेला माणूस म्हणून आपल्याला आनंद झाला, तो साहजिक होता. पण ते बसले अमेरिकेचे उमेदवार म्हणून, आणि त्या निवडणुकीत दुसरा उमेदवारच नव्हता.

सहकारी कारखान्याच्या भाषेत सांगतो. आपल्याकडं सहकारात एक सभासद, एक मत. शंभर एकरवाला आणि एक एकरवाला मतपेटीपाशी सारखे. नाणेनिधी ही भागभांडवलाच्या कंपनीसारखी आहे, ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, आणि शेअर वाटप जुन्याच हिशोबाला चिकटून. डब्ल्यूटीओ मात्र कागदावर सहकाराच्याही पुढं आहे. तिथं १६६ सदस्य आहेत आणि रिवाज असा की एकाचाही हात आडवा आला तर ठराव बारगळतो. मग तो हात बेटाएवढ्या देशाचा का असेना. आपणही हा हात वापरलाय. २०१४ च्या जुलैमध्ये धान्यसाठ्याच्या मुद्द्यावर भारतानं व्यापार सुलभीकरणाचा करार अडवला. त्यामुळंच नोव्हेंबरमध्ये लेखी हमी मिळाली की कायमचा तोडगा निघेपर्यंत आपल्या गहू-तांदळाच्या हमीभाव खरेदीवर कुणी केस टाकणार नाही. रेशनचं धान्य त्या हमीवर उभं आहे. ज्या नियमानं अमेरिकेला मंडळ बंद पाडता आलं, त्याच नियमानं आपल्याला रेशन वाचवता आलं.

म्हणून 'संस्था त्यांच्या आहेत' हे नाणेनिधीबद्दल म्हणा, मी तुमच्याबरोबर आहे. डब्ल्यूटीओबद्दल मात्र ते अर्धंच खरं आहे. ती एकच जागा होती जिथं आपल्याला जिंकताही यायचं आणि हरताही यायचं. आणि माझ्या मते संस्था मानण्यालायक आहे की नाही हे याच गोष्टीवर ठरतं. तिथं कधीतरी मोठा हरला पाहिजे, आणि आपण हरलो तर आपल्यालाही ते सोसलं पाहिजे. गावकीचा निवाडा आपल्या बाजूनं लागला तर न्याय आणि विरुद्ध लागला तर कट, असं म्हणणाऱ्या माणसाला गावात काय किंमत असते ते आपल्याला माहीत आहे.

अमेरिकेच्याही तक्रारी होत्या. अपील मंडळ करारात नसलेले अर्थ काढतं, ठरलेल्या नव्वद दिवसांत निकाल देत नाही, वगैरे. नव्वद दिवसांचं तर खरंच होतं. पण कोर्ट सुधारा म्हणणं वेगळं आणि न्यायाधीशच नेमू न देणं वेगळं.

मग भारतानं काय करावं? माझ्यासारख्या साध्या माणसाचं मत म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली. मंडळ बंद पडल्यावर युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांनी २०२० मध्ये आपापसात एक हंगामी अपील व्यवस्था उभी केली. अमेरिका नाही तर नाही, आपल्यातल्या भांडणांचं अपील आपण लवादाकडं नेऊ, असं ठरवलं. पुढं जपान आलं, २०२५ मध्ये ब्रिटन आलं. भारत त्यात नाही. मूळ मंडळच पूर्ववत करा, ही आपली भूमिका. भूमिका म्हणून छान, पण तोवर पोकळी वापरत राहायची, हे दोन्ही एकदम शोभत नाही. भारतानं या व्यवस्थेत जावं. त्यानं अमेरिकेचं शुल्क उतरणार नाही, हे मला कळतं. पण ज्या दिवशी सगळे मिळून अमेरिकेला नियम दाखवतील त्या दिवशी आपला हात स्वच्छ असेल.

दुसरी. १९८६-८८ च्या सूत्राविरुद्धची लढाई उघड मैदानात लढा. एफआरपी कारखाना देतो, सरकार नाही, हा आपला मुद्दा मला आजही दमदार वाटतो. तो तीन न्यायाधीशांसमोर टिकला असता की नाही, हे आपल्याला आता कधीच कळणार नाही, कारण तो आपण अशा दालनात मांडला जिथं ऐकायला कुणी नाही. पोकळीत टाकलेलं अपील जिंकता येत नाही, ते फक्त पडून राहतं. उद्या मंडळ पुन्हा सुरू झालं तर ती फाइल तिथंच असेल.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे आणि ती बोलताना मला जपून बोलावं लागतं. एफआरपी सोडा असं मी म्हणत नाही. आमच्या घरचा प्रपंच त्यावर चालतो. पण रंगराजन समितीनं २०१२ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीचं सूत्र सुचवलं होतं. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये त्यावर कायदाही केला. तो नीट राबवला, कारखान्यांचा मोलॅसिस-इथेनॉलचा हिशोब उघड केला, तर एफआरपीच्या वर आपल्याला जे मिळायचं ते आपल्याच मालातलं असेल. त्याला आधार म्हणायला जिनिव्हातल्या पॅनेललाही जड जाईल. जिनिव्हाला शिव्या देणं सोपं आहे, कारखान्याच्या वार्षिक सभेत उभं राहून इथेनॉलचा हिशोब मागणं अवघड आहे. तिथं पुढाऱ्याशी गाठ असते.

ओसरीवर भावाला मी यातलं थोडंच सांगितलं. एवढंच म्हणालो, की केस टाकता येते, पण निकाल देणारं कुणी नाही, आणि कुणी नाही याचा आपणही एकदा फायदा घेतलाय. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे उसाला वाचवलं आणि टॉवेलला मारलं म्हण की." मी म्हणालो, तसंच काहीसं. तो म्हणाला, "घर तर एकच आहे की आपलं."

त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून ही पोस्ट. २०२२ ची जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही. राहू दे तिथंच. ज्यांनी तेव्हा माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या त्यांनी हीही वाचावी, आणि माझं चुकत असेल तर कुठं चुकतं ते दाखवून द्यावं. ऊसवाल्यांनी तर नक्कीच.